शंभर वर्षांपूर्वीच्या बार्शीत बाजारहाट आणि नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्शीच्या जुन्या पेठेबद्दल मी बरीच वर्षं जमेल तसं गोळा करतोय, त्यामुळे लोक सारखं काही ना काही विचारत असतात. कुणाला माळ्यावर पणजोबांचं खत (कर्जाचा किंवा गहाणाचा कागद) सापडलेलं असतं, कुणाला पोराच्या प्रोजेक्टसाठी पाहिजे असतं, कुणी त्या काळातली गोष्ट लिहीत असतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. काळ धरलाय साधारण १८९७ ते १९३०.

१. बार्शीच का? तालुक्याचं एक गाव, त्यात एवढं काय होतं?

नकाशा बघा म्हणजे कळेल. बार्शी मुंबई इलाख्यात, सोलापूर जिल्ह्यात, पण आजूबाजूला बहुतेक सगळा निजामाचा मुलूख. धाराशिव, लातूर, बीडकडचा कापूस, करडई, जवस, तूर असा सगळा माल बालाघाट उतरून बैलगाड्यांनी बार्शीला यायचा आणि तिथून पुढे वीसेक मैलांवर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या बार्शी रोड स्टेशनला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला. १८९७ ला बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, अडीच फूट रुंदीचा छोटा रूळ, आणि मालाचे डबे थेट पेठेजवळ यायला लागले. पुढे ती १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली. पण लातूरला गाडी पोचली तशी तिथे स्वतःचीच पेठ वाढली, जो माल आधी नाइलाजाने बार्शीत उतरायचा तो आता परस्पर पुढे जाऊ लागला. रेल्वेने बार्शी मोठी केली आणि त्याच रेल्वेने बार्शीला स्पर्धाही आणली.

२. आणे-पैसे कसे मोजायचे? आजीच्या बोलण्यात चवली-पावली यायचं ते काय?

१ रुपया म्हणजे १६ आणे, १ आणा म्हणजे ४ पैसे, १ पैसा म्हणजे ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. चांदीच्या रुपयाचं वजन बरोब्बर एक तोळा असायचं म्हणून तराजूत वजन म्हणूनही रुपये टाकायचे. पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली तेव्हा सरकारने १९१७ च्या शेवटी एक रुपयाची आणि १९१८ ला अडीच रुपयांची नोट काढली, पण खेड्यातला माणूस कागद घ्यायला बिचकायचा आणि काही ठिकाणी नोट मोडताना वर्ताळा, म्हणजे बदलून द्यायचा बट्टा, कापला जायचा. शंभर पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासून.

३. तेव्हाचा एक रुपया म्हणजे आजचे किती? एक आकडा सांगा ना.

एक आकडा सांगता येत नाही आणि कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. सोन्याने गुणलं तर एक उत्तर येतं, ज्वारीने गुणलं तर दुसरं, मजुरीने तिसरं. त्यापेक्षा त्या काळातल्याच गोष्टी शेजारी ठेवून बघा. १९१४ ला पलटणीतल्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये. विलायती सोन्याची गिनी सरकारी भावाने १५ रुपयांना. पोस्टकार्ड एक पैशाला, ते १९२२ ला दोन पैशांना झालं. मिठावरचा कर १९०३ च्या आधी मणाला अडीच रुपये होता तो उतरत उतरत १९०७ ला एक रुपयावर आला. ११ रुपये पगारवाल्याच्या घरात अधेलीला काय किंमत असेल हे यावरून आपलं आपल्याला कळतं.

४. शेर, पायली, मण, खंडी याचे किलो किती?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण एकाच नावाचं माप आणि वजन दोन्ही असायचं. धान्य मापायचं, तोलायचं नाही. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी चढती मापं. चार शेरांची पायली, पण मणाच्या पायल्या कुठे बारा तर कुठे सोळा, आणि वीस मणांची खंडी. गूळ, तूप, कापूस मात्र तराजूवर, तिथे सरकारी शेर ८० तोळ्यांचा आणि मण ४० शेरांचा, म्हणजे साधारण सव्वासदतीस किलो. बार्शीची पायली आणि शेजारच्या मुलखातली पायली एकच भरेल याची खात्री नसायची. शिवाय शिगेचं माप (वर रास ठेवून) की सपाट, हा वेगळाच वाद. विकत घेताना व्यापाऱ्याला शीग लावून पाहिजे असायची आणि विकताना तो हात फिरवून सपाट करायचा, अशी तक्रार जुन्या माणसांच्या तोंडी हमखास असते. मापारी मोजायला बसला की 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा, मग दोन, तीन. इलाख्यात मापं एकसारखी करायचा कायदा १९३२ चा, त्यामुळे त्याआधीच्या कागदावर 'पाच मण' दिसलं की आधी माल काय आणि गाव कुठलं ते बघा, किलो नंतर काढा.

५. साध्या घरातली बाई बाजाराला जायची ती पैसे घेऊन जायची का?

बऱ्याचदा नाही. पदरात किंवा टोपलीत ज्वारी घेऊन जायची. दाणे घालून भाजी, दाणे घालून मीठ, कासाराला बांगड्यांचे सुद्धा दाणेच. तेल्याकडे करडई द्यायची आणि तेल न्यायचं. रोख पैसा लागायचा तो शेतसारा भरायला, कापडाला, लग्नाला, औषधाला. वाण्याकडे उधारीची वही असायची आणि ती सुगीला चुकती व्हायची. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांना तर प्रत्येक कामाचे पैसे द्यायचेच नाहीत, वर्षाचं बलुतं ठरलेलं आणि ते खळ्यावरून न्यायचं. पीक बुडालं की बलुतंही बुडालं. त्यामुळे 'तेव्हा कुंभार मडक्याचे किती घ्यायचा' या प्रश्नाला बाजारातल्या गिऱ्हाइकासाठी एक उत्तर आणि गावातल्या कुणब्यासाठी वेगळं.

६. शेतकरी माल विकायचा कसा? त्याच्या हातात काय पडायचं?

शेतकरी रात्री गाडी जुंपायचा, पहाटे पेठेत पोचायचा आणि आपल्या अडत्याच्या दारात सोडायचा. 'आपल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. हा अडत्या बहुतेक वेळा त्याचा सावकारही असायचा, बियाण्याला उचल त्यानेच दिलेली, मागच्या लग्नाचं कर्ज त्याच्याच वहीत, त्यामुळे दुसऱ्याच्या दारात गाडी सोडायची सोयच नव्हती. भाव बघून माल थांबवायचीही नव्हती, कारण सुगी संपते न संपते तोच साऱ्याचा हप्ता. सगळे एकदम विकायला येणार आणि भाव तेव्हाच पडलेला असणार. व्यापाऱ्याकडे मुंबईचा भाव तारेने आलेला असायचा आणि शेतकऱ्याकडे वाटेत भेटलेल्या दुसऱ्या गाडीवानाने सांगितलेला, तोही कालचा.

विक्री झाली की हातात यायची पट्टी, म्हणजे हिशोबाचा कागद. तिच्यात अडत, दलाली, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय, पांजरपोळ असं एकेक वजा होत जायचं, वरून नमुना म्हणून ओंजळ-ओंजळ काढलेला माल परत यायचा नाही तो वेगळा, आणि शेवटी 'मागील बाकी' वजा. आमच्या घरातल्या जुन्या कागदांत अशी एक पट्टी आहे, तिच्या शेवटच्या ओळीत शेतकऱ्याला रोख दिलेली रक्कम आणि गाडीभाडं जवळपास सारखंच आहे, ती ओळ मी कितीदा वाचली असेन.

यावर कायदे झाले पण उशिरा. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ पासूनच कापसाच्या बाजारावर नियम आले, १८९७ ला तिथे कायदा झाला. मुंबई इलाख्यात कापूस बाजारांचा कायदा १९२७ चा, आणि बाकी शेतमालासाठी १९३९ उजाडलं.

७. रुमालाखाली हात घालून भाव करायचे हे खरं का?

हो. अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबायचे आणि त्यावरून भाव ठरायचा. मालाचा मालक समोरच उभा असायचा आणि त्यालाच भाव शेवटपर्यंत कळायचा नाही. बाजू घेणारे म्हणायचे की यामुळे एका गिऱ्हाइकाचा भाव दुसऱ्याला कळत नाही आणि भांडणं टळतात. मला ते पटत नाही, ज्याचं पीक आहे त्याला अंधारात ठेवून कसली भांडणं टाळायची. बैलबाजारातही हीच रीत, तिथलं पुढे ९ मध्ये बघा.

८. कागदावर 'हाली' आणि 'कलदार' लिहिलंय, ते काय?

कलदार म्हणजे इंग्रजी रुपया, हाली म्हणजे निजामाचा हाली शिक्का. साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार असा दर धरायचा. बार्शीत दोन्ही यायचे कारण माल तिकडून, गिऱ्हाईक तिकडून आणि पैसाही तिकडून, मग सराफाकडे बदलून घ्यायचा आणि त्यात त्याचाही वर्ताळा. हद्दीवर निजामाच्या करोडगिरीचा नाका, तिथे मालावर जकात. म्हणून धाराशिवकडच्या माणसाने बार्शीत घेतलेलं कापड घरी पोचेपर्यंत महाग झालेलं असायचं. कागदावर नुसतं 'रु.' असेल तर व्यवहार कुठल्या गावात झाला ते आधी शोधा, नाहीतर आकडा सहाला सात या प्रमाणात चुकतो.

९. बैल घ्यायचा तर कुठे, आणि पारख काय होती?

सोलापूरला संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आणि पंढरपूरला कार्तिकी, दोन्हीकडे जनावरांचा मोठा बाजार, आणि खिल्लार जातीचं माहेरच हा सांगोला-आटपाडीचा पट्टा. दात बघून वय ठरायचं: आदत, मग दुसा, चौसा, सहादाती आणि शेवटी जुळलेला. मग खूर, खांदा, चाल, अंगावरचे भोवरे. खरेदी करणारा शहाणा असला तर बैल गाडीला जुंपून दाखव म्हणायचा. पसंत पडला की विसार द्यायचा, म्हणजे पुढे दोघांनीही शब्द फिरवायचा नाही. खोड लपवून विकली असेल तर कागद नसायचा, पण चारचौघांसमोर ठरलेलं असायचं आणि पुढच्या जत्रेत त्या दलालाशी गाठ पडणारच असायची.

१०. सावकाराचं व्याज किती? आणि 'दामदुप्पट' म्हणजे दुप्पट वसूल करायचे का?

उलटं आहे बघा, या शब्दाचा लोक नेहमी चुकीचा अर्थ घेतात. दामदुप्पट हा कर्जदाराच्या बाजूचा नियम. थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त एका वेळी मागता येत नाही, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. पळवाट अशी की दोनशे झाले की सावकार जुनं खत फाडून दोनशे मुद्दल धरून नवं लिहून घ्यायचा. व्याज लिहायची पद्धत 'दरमहा दरशेकडा', म्हणजे दोन रुपये लिहिलं असेल तर वर्षाचे २४ टक्के. बियाणं घेतलं तर सवाई किंवा दिढी, एक मणाला सव्वा किंवा दीड मण परत, तेही काही महिन्यांत.

१८७५ ला सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला, त्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं आणि कोर्टाला जुन्या हिशोबात शिरायचा अधिकार दिला. सरकारी तगाई होती, १९०४ च्या कायद्याने पतपेढ्या निघायला लागल्या. तरी माणूस सावकाराकडेच जायचा, कारण तो रात्री दार वाजवलं तरी पैसे द्यायचा. १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले आणि तेच कर्ज फेडायला दुप्पट ज्वारी लागायला लागली. बार्शीकडच्या पुष्कळ फॅमिलींची जमीन नेमकी याच काळात गेलेली दिसते.

११. अस्पृश्य मानलेल्या लोकांना बाजारात जाता यायचं का?

जाता यायचं, पण दुकानाची पायरी चढता यायची नाही. बाहेर उभं राहायचं, पैसे खाली ठेवायचे, दुकानदार त्यावर पाणी शिंपडून उचलणार आणि माल वरून टाकणार. मापात कमी पडलं तरी हात लावून दाखवता येत नाही, आणि भाव करायला जागाच नाही. म्हणजे सगळ्यात गरीब माणसालाच माल सगळ्यात महाग पडायचा.

नोकरीतही तेच. महारांना वतनाखाली सरकारी आणि गावकीची कामं करावी लागायची, मोबदला नावापुरता, आणि एकाच्या वतनात अख्खं घर बांधलेलं, त्यामुळे बाहेर नोकरी धरणंसुद्धा अवघड. डॉ. आंबेडकरांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात यावर बिल आणलं, पण इलाख्यातली वतनं कायद्याने गेली ती १९५८ ला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी मात्र १९१८ लाच महार वतनं काढली होती. लष्कर हा एकेकाळी मोठा आधार होता, ती भरती १८९० च्या दशकात बंद केली, १९१७ ला युद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडून टाकली. मुंबईच्या गिरण्यांत काम मिळायचं, पण जास्त पगाराचं विणकाम खातं बंद, कारण तिथे धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि बाकीच्यांना विटाळ वाटायचा. हे उत्तर थोडक्यात लिहायचा मी प्रयत्न केला होता, जमलं नाही आणि जमायलाही नको.

१२. नोकरी शोधायची कशी? जाहिरात, अर्ज, इंटरव्ह्यू असं काही होतं?

पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत 'पाहिजेत' अशा जाहिराती असायच्या, पण तालुक्याच्या गावात नोकरी चिठ्ठीवर मिळायची. मामा कचेरीत असेल तर मामाची, नाहीतर गावच्या वजनदार माणसाची. मुलगा शिकला की आधी 'उमेदवार' म्हणून मामलेदार कचेरीत बसायचा, म्हणजे बिनपगारी. नकला करायच्या, दप्तर लावायचं, साहेबाच्या नजरेत राहायचं आणि कुणाची तरी बदली व्हायची वाट बघायची. यात महिने जायचे, कधी वर्षं. म्हणजे तेवढे दिवस ज्याच्या घरी खायला आहे त्यालाच हे परवडणार, ही पहिली चाळणी तिथेच लागायची. सरकारी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज १९४५ पासूनची, त्याआधी असलं काही नव्हतं.

१३. सातवी पास झाल्यावर मास्तर व्हायचे म्हणे, खरंय?

हो, मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा. ती पास झाला की प्राथमिक शाळेत मास्तर, तलाठी अशा नोकऱ्यांचं दार उघडायचं, म्हणून गावात फायनल पास माणसाला आज ग्रॅज्युएटला नाही तेवढा मान. मास्तर कायम व्हायचा तर पुढे पुण्या-धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजला जायचं. इंग्रजी शिकून मॅट्रिक झाला तर रेल्वे, पोस्ट, कोर्ट. खासगीत अडत दुकानातला गुमास्ता किंवा दिवाणजी ही मोठी वाट, तिथे सर्टिफिकेट कुणी बघायचं नाही. मोडी अक्षर वळणदार आहे का, कीर्द-खतावणी जमते का आणि पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ आहेत का, एवढंच. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन आण्यांनी सत्तावीस नग किती झाले, हे गिऱ्हाईक समोर असताना सांगता आलं पाहिजे.

१४. ब्राह्मण असलं की नोकरी नक्की, असं होतं का?

नक्की नाही, पण उमेदवारीच्या रांगेत पुढचा नंबर होता हे नाकारण्यात अर्थ नाही. लिहिणं-वाचणं पिढ्यान्‌पिढ्या घरात, कुलकर्णी वतन घरात आणि कचेरीत ओळखीचं माणूस. हे मोडायचा मोठा प्रयत्न म्हणजे कोल्हापूरचा २६ जुलै १९०२ चा हुकूम, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी. नुसता हुकूम नाही, त्याच्या आदल्या वर्षापासून वसतिगृहंही काढायला सुरुवात केली होती, कारण खेड्यातल्या पोराला शहरात राहून शिकायला जागाच नव्हती. बार्शी इंग्रजी अमलात, तिथे हा हुकूम लागू नव्हता.

१५. शिक्षण नसलेल्याने काय करायचं?

सालगडी. गुढीपाडव्याला साल ठरायचं, वर्षाचं धान्य, घोंगडं, पायताण, कपडे आणि थोडी रोकड, आधी उचल घेतलेली असली की पुढच्या पाडव्यालाही सुटका नाही. पेठेत हमाली, गाडीवानी, जिनिंग फॅक्टरीत हंगामी काम. रेल्वेत खलाशी, गँगमन, पॉइंट्समन, आणि रेल्वेची नोकरी लागली की त्या घरात सोयरिकी चालून यायच्या. सोलापूरला जुनी गिरण १८७७ पासून, मग लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या निघत गेल्या, बार्शीहून तिथे जायला मुंबईइतका धीर लागायचा नाही. मुंबईला गेला तर गाववाल्यांच्या खोलीत पथारी, खाणावळीत जेवण, आणि काम देणार जॉबर. जॉबर आपल्या गावचा, जातीचा, ओळखीचा असला तर लवकर, नाहीतर त्याला दस्तुरी. घरी पैसे मनीऑर्डरने यायचे. पोस्टमन आला की सगळ्या गल्लीला कळायचं कुणाच्या पोराने पाठवले आणि कुणाच्या नाही.

१६. बायका कमवायच्या का, की घरातच?

शेतकरी-मजूर घरातल्या बायका कायमच कमवायच्या. खुरपणी, काढणी, दूध-दही-ताक विकणं, शेण्या, सरपण, दळण, आणि जिनमध्ये कापूस निवडायला बऱ्याच बायकाच. मजुरी पुरुषापेक्षा कमी. 'बायका घरात' हे वरच्या थरातलं चित्र, तिथेही विधवा बाई दुसऱ्याकडे स्वयंपाकाला जायची आणि त्याला नोकरी म्हणायचे नाहीत. शिकून नोकरी म्हणजे मास्तरीण किंवा नर्स, त्यासाठी पुण्याला कर्व्यांची १८९६ ची संस्था, रमाबाई रानड्यांचं १९०९ चं सेवासदन.

१७. दुष्काळात आणि साथीत या बाजाराचं काय व्हायचं?

१८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९००. बाजार उलटा व्हायचा. ज्वारी चढायची, बैल मातीमोलाने जायचा, कारण कडबा बैलापेक्षा महाग. मग भांडी, मग दागिने, मग घराची लाकडं. काम म्हणजे सरकारी दुष्काळी काम, रस्त्याची खडी फोडणं, तलावाची माती उचलणं, मजुरी धान्याच्या भावाशी बांधलेली. प्लेग आला की पेठ ओस, लोक गावाबाहेर झोपड्यांत. १९१८ ला पाऊसही कमी आणि मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथही, तेव्हा उभं पीक काढायला माणसं मिळेनात.

१८. घरात मोडीतल्या वह्या सापडल्यात. काय करू?

रद्दीत देऊ नका, आणि लॅमिनेट तर अजिबात करू नका. आधी सगळ्या पानांचे फोटो काढा, कोरी दिसणारी पानंसुद्धा, कारण मधेच एखादी जन्मतारीख किंवा औषधाचा नुसखा लिहिलेला असतो. पान नवीन वर्षाचं असेल तर वर 'श्री' आणि पाडव्याची मिती असते, तिथून शक कळतो, शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन. खतावर गहाण, फरोक्त (विक्री) की कर्जरोखा ते पहिल्या दोन ओळींत असतं. मोडी वाचणारे अजून आहेत, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. आणि जमिनीचा वाद कोर्टात चालू असेल तर कुणा हौशी वाचकाच्या, म्हणजे माझ्याही, वाचनावर अवलंबून राहू नका, अधिकृत मोडी लिप्यंतरकाराकडून सही-शिक्क्याची प्रत करून घ्या. हाली-कलदारचा घोळ दिसला तर ८, मापांचा असेल तर ४.